पोटाला लागणारं स्टेअरिंग

मी मुळीच तापट नाही. (हे मी ओरडून सांगतो, अशी बायकोची तक्रार आहे.) पण ज्या माणसाने भंगारातून एकेक भाग निवडून आणून, मागच्या खोलीत स्वतःच्या हाताने गाडी उभी केली, तो पहिल्यांदा त्या गाडीत बसल्यावर त्याची बायको जर म्हणाली, "अहो, श्वास सोडा की आता!" तर त्याचं डोकं फिरणार नाही?

श्वास सोडला की स्टेअरिंगचं चाक पोटात रुतत होतं, हे खरं होतं.

"पोट तरी आत घ्या, नाहीतर स्टेअरिंग तरी," बायको म्हणाली.

मी स्टेअरिंग आत घ्यायचं ठरवलं. (त्यातल्या त्यात तेच सोपं वाटलं.)

वेळ मात्र थोडा होता. गाडी तपासायला आरटीओचे साहेब यायचे होते. त्यांनी पास केली तर खोली माझी. नापास केली तर गाडी अंगणात आणि खोलीत बायकोचं शिलाई मशीन, असा आमचा करार होता. करार तिने केला होता, मी नुसती मान हलवली होती.

तेवढ्यात मेव्हणा उगवला. याला कोणी बोलवत नाही, पण नटबोल्ट पडल्याचा आवाज त्याला बरोबर ऐकू जातो.

"भावोजी, स्टेअरिंगचा दांडा मधूनच कापा आणि वेल्डिंग मारा. चहा होईस्तोवर काम खलास!"

माझं टाळकंच सटकलं. "अरे शहाण्या, भर रस्त्यात ते वेल्डिंग तुटलं तर नुसतं चाक हातात घेऊन मी जाऊ कुठे?"

"पण भावोजी—"

"चहा पी आणि चालता हो!"

मी असली जोडाजोड करणारा माणूस नाही. जीवावर बेतणाऱ्या कामात मी कोणाचं ऐकत नाही. (इतर कामांतही ऐकत नाही, हे बायकोचं पुढचं वाक्य.) मी मोडीत निघालेल्या गाडीचा आखूड दांडा आणला, तोही धडक बसली तर छातीत न घुसता स्वतःच घडी होणारा. दोन्ही टोकांना नवे जॉइंट, मधे बेअरिंगचा आधार, प्रत्येक बोल्टला ढिला न पडणारा नट. फक्त दांडा इंजिनाला घासत होता, म्हणून खालचा, टायर वळवणारा स्टेअरिंग बॉक्स काढून उलटा करून बसवला. काय सुरेख मावला!

"अहो, उलटा बसवला तर चालतो?" बायकोने दारातून विचारलं. "माझ्या मशीनची बॉबिन उलटी बसली तर टाके बिघडतात."

"ही गाडी आहे, बॉबिन नाही!" मी एवढ्याने ओरडलो, की शेजाऱ्यांनी खिडकी उघडली. मग त्यांच्यावरही ओरडलो.

साहेब आले त्या सकाळी गाडीला टायर चढवून ती अंगणात ढकलली. साहेब गाडीखाली शिरले. बाहेर आले ते प्रसन्न चेहऱ्याने.

"दांड्याचं काम अप्रतिम आहे. असं कोणी करत नाही हो."

मी मेव्हण्याकडे बघितलं. बायकोकडे तर बराच वेळ बघितलं.

"आता चाक डावीकडे फिरवा," साहेब पुढे उभे राहून म्हणाले.

फिरवलं.

"डावीकडे हो."

"डावीकडेच फिरवलंय."

"तुमची डावी बाजू कुठली?"

"साहेब," मी दात खाऊन म्हणालो, "ज्या हाताला घड्याळ आहे, तो जन्मापासून माझा डावा हात आहे!"

"अहो, टायर उजवीकडे वळलेत," बायको म्हणाली.

मी उजवीकडे फिरवलं. टायर डावीकडे गेले. मेव्हणा हसून हसून खाली बसला.

"बॉक्स उलटा बसलाय," साहेब कागद मिटत म्हणाले. "दांडा अगदी सुरक्षित आहे. रस्त्यावर मात्र येऊ नका."

संताप संताप झाला! पण करार तो करार. गाडी अंगणाच्या कोपऱ्यात लावायची होती. मी स्टेअरिंगवर, मेव्हणा ढकलायला. हात जन्माच्या सवयीने वळत होते, त्यामुळे आधी कुंडी गेली, मग पाण्याचं पिंप आडवं झालं.

"उतरा," बायको म्हणाली. तिने आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. ती ऐसपैस बसली. "खरंच हो, आता पोटाला अजिबात लागत नाही!"

मी मागून ढकलत किंचाळत होतो, "डावीकडे घे! अगं डावीकडे! आता उजवीकडे!" आणि गाडी एका झटक्यात, भिंतीला न घासता, कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"ताई, तुला कसं गं जमलं?" मेव्हण्याने आ वासून विचारलं.

"त्यात काय?" हात झटकत ती उतरली. "हे सांगतील त्याच्या बरोबर उलट करायचं. लग्नापासून तेच करतेय."