तणाची भाजी

अंगण कसं ठेवावं ते माझ्याकडून शिकावं! पाथर्डी फाट्याच्या आमच्या कॉलनीत मी हे छातीठोक सांगायचो. यंदा तर लेक साक्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि घरामागे हे रान माजलेलं! साप-विंचू निघाला तर? खुरपं घेऊन बसायला माझे गुडघे राजी नाहीत. मग दिंडोरीच्या द्राक्षवाल्या मित्राकडून तणनाशक आणलं. त्याने कॅनमधलं थोडं कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून दिलं. बनियनवर, अनवाणी, मी पंप मारला. वारा घराकडे होता. बायको म्हणाली, खिडक्या तरी लावू द्या. मी म्हटलं, औषध गवताला आहे, माणसाला नाही!

शेजारीपाजारी कोणाला सांगितलं नाही. आपल्या अंगणाची दवंडी काय पिटायची?

पण शेजारच्या नवसाबाई वर्षानुवर्षं तिथूनच घोळीची पानं खुडतात. माझं तण, ती त्यांची भाजी! दुसऱ्या सकाळी पानं अजून हिरवीगार होती. त्यांनी ती खुडली, मुगाची डाळ घालून परतली आणि पोटुशी पोरीसाठी मायेने डबा पाठवला. साक्षीने चाटूनपुसून खाल्ली. मीही खाल्ली, वर वाहवा केली.

संध्याकाळी डबा परत द्यायला गेलो. भाजी कुठली, म्हणून सहज विचारलं. नवसाबाईंनी माझ्याच अंगणाकडे बोट केलं. डबा तिथेच टाकून मी घरी पळालो, साक्षीला आणि ती बाटली घेऊन निघालो.

दवाखान्यात डॉक्टरांनी औषधाचं नाव विचारलं. मी बाटली पुढे केली. बाटलीवर आंबा! मित्राला फोन लावला, तर तो बंद.

"काय पोटात गेलंय तेच माहीत नाही, तर मी करू काय?" डॉक्टर म्हणाले.

साक्षी पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर बाकावर नवसाबाई रडत होत्या, जसा काही गुन्हा त्यांनीच केला होता.

साक्षीला दोन दिवस ठेवून घेतलं. बाळ सुखरूप आहे म्हणाले आणि घरी सोडलं. घरी आल्या आल्या मी फरशी धुतली, अंथरुणं धुतली, चपला दाराबाहेर काढायला लागलो. साक्षी मात्र बॅग भरत होती.

"पप्पा, मी सासरी जाते. बाळंतपण तिकडेच होऊ दे."

"अगं, पहिलं बाळंतपण माहेरीच करतात."

"इथे मला खिडकी उघडायची भीती वाटते."

जावई गाडी घेऊन आले. मी बॅग उचलायला गेलो, तर तिने आधी हात धुऊन यायला सांगितलं.

अंगण आता एकदम स्वच्छ आहे. साप-विंचू सोडा, नवसाबाईसुद्धा फिरकत नाहीत.