तानाक्काचा नारळ

आमच्या तानाक्कानं एकदा ऊस तोडायच्या मशीनची ओटी भरली. मशीन सरीत उभं, ड्रायव्हर वर बसून हॉर्न वाजवतोय आणि ही खाली मशीनला कुंकू लावून तांदूळ ओततेय. "पयल्यांदा रानात आलीया, रिकामी कशी लावून दिऊ?" हे तिचं ठरलेलं बोलणं.

त्याआधी शेजाऱ्यांची म्हैस झाली, कुणाची नवी फटफटी झाली, विहिरीवरची मोटर झाली. मोटरीला ओल्या हातानं कुंकू लावताना हिला शॉक बसला. चार दिवस हात चोळत हिंडली, पण मोटरीला नावं ठेवली नाहीत. खण, तांदूळ आणि नारळ घातलेली कापडी पिशवी कायम तिच्या काखेत. आष्ट्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे हे सगळं मला बघावं लागतं.

दिवाळी झाल्यावर बचत गटाच्या बायकांनी सहल काढली. मुंबईला समुद्राला लागूनच एक भला मोठा मॉल आहे, तिथं. दुकानं, खेळ, खाणं, सगळं एका छपराखाली. तानाक्का म्हणाली, आपली कृष्णामाई नांदायला गेली ते घर मला बघायचंय, तिथं तिची ओटी भरायचीय. मी चौथी शिकलेली. मी सांगितलं, कृष्णा पलीकडच्या समुद्राला मिळते, मुंबईच्या नाही.

तानाक्कानं जरा विचार केला. "मग ही भावकी आसंल. दिऊ त्यांच्याकडं, पोचवतील."

मॉलच्या दारात पिशव्या तपासायचं यंत्र होतं. खाकी कपड्यातल्या पोरीनं नारळ बाहेर काढला. म्हणाली, हा आत नेता येणार नाही, कुणाच्या डोक्यात घातला तर?

"कुनाच्या घालू?" तानाक्का म्हणाली. "हितं वळखीचं कोन हाय?"

पोरगी हसली. बोलणं ऐकून तिनं गाव विचारलं. ती शिराळ्याकडची निघाली, नवऱ्यामागं इकडं आलेली. तिनं नारळ टेबलाखाली ठेवला आणि जाताना घेऊन जा म्हणाली. नियम तो नियम.

आत बायका सुटल्या. एकमेकींना धडकायच्या छोट्या मोटारी होत्या. आमच्यातल्या दोघी जावा वाटणी झाल्यापासून बोलत नव्हत्या, त्यांनी एकमेकींना पोटभर धडका दिल्या आणि नंतर एकाच कपातला चहा प्यायल्या. तानाक्का मात्र पाण्याकडं जायची वाट शोधत होती. जिथं जावं तिथं काच. शेवटी एक गच्ची सापडली, तर समुद्र खाली लांब, मध्ये कठडा. पायऱ्या नाहीत. बरं, टाकायला नारळही नाही. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. आइस्क्रीमही खाल्लं नाही. वितळायला लागलं म्हणून तिचं मी खाल्लं.

तिच्या या खुळाला गाव हसतं. खूळ कधी लागलं ते मला ठाऊक आहे. नवरा फौजेत होता, लेक पाळण्यात असताना गेला. त्या लेकीचं लग्न झालं तेव्हा मांडवात सगळ्या बायकांनी तिची ओटी भरली. विधवेनं भरायची नाही म्हणून आईला चुलीपाशी बसवलं. दुसऱ्याच आठवड्यात तिनं म्हैस गाठली. म्हैस काही नको म्हणत नाही. मोटरही म्हणत नाही. माणसाच्या वाट्याला मात्र ती परत कधी गेली नाही.

निघताना त्या पोरीनं नारळ हातात दिला. विचारलं, "आजी, कुनाची वटी भरायची व्हती?"

"कृष्णामाईची. ऱ्हायली." तानाक्का नारळ पिशवीत टाकता टाकता थांबली. पोरीकडं बघत राहिली. "तुझी भरली का गं कुनी, हिकडं आल्यापास्नं?"

"हितं कोन भरतंय, आजी?"

बाहेर आमचा ड्रायव्हर हाका मारत होता. तानाक्का हलेना. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझा मालक न्हाई, पोरी. मी भरल्याली चालंल का तुला?"

पोरीनं मागं वळून साहेब येतोय का ते बघितलं. पदर तर नव्हता. तिनं खाकी शर्टाचं टोक दोन्ही हातांनी पुढं धरलं.

"भरा बिगीबिगी. ड्युटीवर हाय मी."

तानाक्कानं कुंकू लावलं, खण घातला, तांदूळ घातले, वर नारळ ठेवला. निम्मे तांदूळ फरशीवर सांडले. पोरगी वाकून तिच्या पाया पडली आणि पुढच्या बाईची पर्स तपासायला लागली.

गाडीत तानाक्का रिकामी पिशवी झटकून तिच्या घड्या घालत बसली. पुष्कळ वेळ घालत होती. मी म्हटलं, कृष्णेची राहिलीच की.

"तिची भरायला लय जनी हायत," ती म्हणाली आणि तोंड खिडकीकडं केलं.