गुलाबकाकांचा समुद्र

अनसिंगहून कोणी कुठंही निघो, आमचे शेजारी गुलाबकाका फाट्यावर उभे राहून एकच निरोप देणार, "जाय बाप्पा, समुद्र पाहून ये!" मी दाढ काढायला वाशिमला चाललो होतो, तरी मलाही हेच. गाल सुजलेला, बोलता येईना, नाहीतर चांगलं सुनावलं असतं.

ही सवय जुनी. काका आयुष्यभर कापसाच्या जिनिंगात होते. रुईची गठान बांधून झाली की तिच्यावर थाप मारून ते हेच म्हणत. गठाना बंदरावर जातात, जहाजात चढतात, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. स्वतः मात्र अकोल्याच्या पुढं गेले नव्हते.

लग्नात त्यांनी सुमनकाकूंना समुद्र दाखवायचा शब्द दिला होता. मग दरवर्षी, "सोयाबीन निघू दे." सोयाबीन निघतच राहिलं, जिनिंग बंद पडली, आणि तीन वर्षांमागं काकूंना लकवा मारला. प्रवास संपला. यंदा काकूंनीच त्यांना हाकललं, "तुमी तरी जा, समुद्र पाहून या!"

गाडी अर्थात माझी.

आम्ही पोचलो त्या कोकणातल्या टोकावर एकेकाळी वारा चुकवायला गलबतं थांबत, माल चढे. आता पडकी वखार आणि पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या तेवढ्या उरल्यात. लोक समुद्राचे फोटो काढत होते; काका पायऱ्या चाचपत होते. "मास्तर, आपल्या गठाना इथूनच चढल्या असतीन, नाई?" मला कुठं माहीत! पण मी हो म्हणालो. मग त्यांनी मान वर केली, बराच वेळ बघत राहिले. "एवढं पानी! अन् एक मोटर नाई बसवली कोनं?"

निघताना काकांनी समुद्राच्या पाण्यानं वीस लिटरचा कॅन भरला. दीड दिवस गाडीत खारा वास, वर मलाच दटावणी, "हळू चालवा ना, सांडून राह्यलं!"

घरी येताच काकांनी मावंदं घातलं. आमच्याकडं काशीहून आलं की गंगेची पूजा करून गावाला जेवू घालतात. काकांनी कॅनलाच हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि पंगतीत पळीपळीनं तीर्थ वाटलं. सगळ्यांनी श्रद्धेनं डोळे मिटून घेतलं, आणि काय तोंडं झाली एकेकाची! नामदेवबुवा थुंकत ओरडले, "गुलाब्या, हे तीर्थ व्हय का वरनाचं मीठ?" पंगत हसून लोळली.

काका मात्र कॅन घेऊन केव्हाच आत गेले होते. पान खायला बोलवावं म्हणून मी डोकावलो. काकू खाटेच्या कडेला टेकून बसलेल्या, पाय परातीत. काका उकिडवे बसून तळव्यानं पाणी ढकलत होते.

"येवढासाच असते का हो समुद्र?"

"नाई वं. आपल्या घरात येवढाच मावला."

खरं सांगतो, त्या टोकावर अख्खा समुद्र पाहून मला काही झालं नव्हतं. त्या परातीपुढं मात्र डोळे भरून आले.

"पाह्य वं, आली लाट," काका म्हणाले. काकूंनी धडक्या हातानं लुगड्याचा काठ पटकन वर उचलला.