शेषरावांची सुधारलेली शेगडी

शेषराव पेडगावकरांच्या घरी कधी गेलात, तर दारावरची घंटी तेवढी वाजवू नका. कडी वाजवा, हाक मारा, गेटवर दगड आपटा. पण घंटीच्या बटणाला बोट लावू नका. मी लावलं होतं. कोपरापर्यंत हात बधिर झाला आणि हातातली वाटी, जी मी साखर मागायला नेली होती, ती नालीत गेली.

"शॉक न्हाई हो मास्तर तो," शेषराव दार उघडत म्हणाले. "झिणझिण्या हायेत. मुद्दाम ठेवल्यात. माणूस दोनदा घंटी दाबत न्हाई."

खरंच आहे. मी त्यानंतर एकदाही दाबली नाही.

शेषराव माझे शेजारी. जलसिंचन खात्यातून निवृत्त झालेले. खात्यात ते काय करत होते हे मला नीटसं कळलेलं नाही, पण त्यांच्या बोलण्यावरून येलदरीचं धरण त्यांना विचारून बांधलं असतं तर बरंच बरं झालं असतं, एवढं समजतं. त्यांच्या पत्नी सिंधूकाकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन नांदेडला. घरात शेषराव एकटे, आणि त्यांची हत्यारं.

जगातली कुठलीच वस्तू कारखान्यातून पूर्ण होऊन येत नाही, यावर या माणसाची श्रद्धा. "कंपनीची अक्कल जिथं संपती, तिथून आपली सुरू व्हती," हे त्यांचं पेटंट वाक्य. नवा पंखा आणला की तो छताला लागण्याआधी फरशीवर उघडा पडतो. त्यांचा कूलर खोलीपेक्षा पाहुण्यांना गार करतो. पाणी थेट अंगावर. कुकरच्या शिट्टीत त्यांनी काय केलं देव जाणे, ती अशी लांबलचक गळा काढते की गल्लीतल्या बायका आपापला गॅस बंद करायला धावतात. याला दुरुस्ती म्हटलेलं मात्र त्यांना खपत नाही. "दुरुस्ती बेकार माणूस करतो. मी सुधारणा करतो."

तर अशा माणसाच्या हाती ती शेगडी लागली.

जिंतूर रोडला एका उत्साही माणसानं गार्डन हॉटेल काढलं होतं. परभणीकरांना हिरवळीवर बसवून, विलायती गॅसच्या शेगडीवर डोळ्यांदेखत भाजून खाऊ घालायचं, असा त्याचा बेत. मे महिन्यात परभणीत हिरवळीवर बसवलं की माणूसच भाजून निघतो, शेगडी लागत नाही, हे त्याला उशिरा कळलं. हॉटेल बंद पडलं. शेगडी पत्र्याच्या शेडमागं पडून राहिली आणि शेवटी भंगारात आली. शेषराव भंगारवाल्याकडं सायकलची साखळी बघायला गेले होते. येताना हातगाड्यावर घालून ही घेऊन आले.

आम्ही सगळे गेटवर जमलो. सिमेंटच्या पोत्याएवढं लांब, डेऱ्यासारखं पोट, वर अर्धगोल झाकण, खाली चार पाय आणि त्यातला एक लुळा. झाकण उघडलं तर आत गवताचं घरटं आणि कोंबडीचं एक अंडं.

"घ्या," समोरच्या घरातले गुलाबराव झरीकर म्हणाले. "शेगडी कशाला, खुराडंच आणलंय. चालू हालतीत हाय."

गुलाबराव म्हणजे झरीचे बागायतदार. मुलांच्या शिक्षणासाठी परभणीत घर केलं, मुलं शिकून पुण्याला गेली आणि हे दोघं नवराबायको इथंच राहिले. पांढरं स्वच्छ धोतर, आणि जीभ अशी की तिला धार लावायला कुणाकडं जावं लागत नाही.

"हसा," शेषराव म्हणाले. "वरिजिनल माल हाय ह्यो. आत बर्नल हायेत चार."

"अन् त्याच्यावर काय भाजलं असंल ते म्हाईत हाय का? तुमी तर चातुर्मासात कांद्याकडं बघत न्हाईत."

हा प्रश्न मात्र शेषरावांना लागला. मग पुढचे कित्येक दिवस शुद्धीकरणात गेले. राखेनं घासलं, लिंबानं घासलं, चिंचेच्या कोळात जाळ्या भिजत घातल्या. शेवटी सगळे भाग सुटे करून गच्चीवर उन्हात मांडले. "परभणीच्या उन्हात पाप राहत न्हाई मास्तर. कोंबडीचा वास काय राहतो?"

त्यानंतर सुधारणांना सुरुवात झाली.

बर्नरच्या भोकांत कुंभारमाश्यांनी मातीची घरं केली होती. शेषरावांनी एकेक भोक तारेनं टोकरून साफ केलं. काम चाललेलं असताना त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. मी एकदा "झालं का?" विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरला मधीच विचारता का?" गंज तारेच्या ब्रशनं खरवडला. मग रंग. पाण्याच्या टाकीला लावायचा चंदेरी रंग त्यांनी शेगडीला लावला आणि पेटवून बघितली. रंगाचे पापुद्रे सुटून आख्ख्या गल्लीवर उडाले. आमच्या वाळवणाच्या कुरडया त्या वर्षी चंदेरी होत्या. बायकोनं त्या तळल्या नाहीत, आणि शेषरावांशी चार दिवस बोललीही नाही. शेषरावांना ते कळलंच नाही, कारण ते दुसरा रंग शोधत होते.

लुळा पाय कापून टाकला आणि उरलेल्या तीन पायांना बाबागाडीची चाकं बसवली. मग लक्षात आलं की शेगडी एका बाजूला कलते. तिथं विटांचा ढीग. "तात्पुरता हाय," म्हणाले. त्यांच्या घरातल्या सगळ्या तात्पुरत्या गोष्टी मी पंधरा वर्षं बघतोय. एका बाजूला फळी, फळीवर मोबाईल ठेवायचा खण, वर जुन्या छत्रीचा घुमट. आतल्या जाळीचा अर्धा भाग काढून तिथं जाड लोखंडी पत्रा बसवला. "कंपनीनं नुसती जाळी दिली. माणसानं धिरडंबिरडं करायचं तर कुठं करायचं? अक्कल न्हाई." आणि सगळ्यात शेवटी, झाकणावर लाल अक्षरांत: "हात लावू नये. हुकमावरून." घरात दुसरं माणूस नाही. हुकूम कुणाचा आणि कुणाला, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

या सगळ्यात पत्रा कापायचं मशीन भर दुपारी चालायचं. गुलाबरावांची झोपायची वेळ तीच. ते खिडकीतून ओरडायचे, शेषराव मशीन आणखी जोरात चालवायचे. एक दिवस ठिणग्या उडाल्या त्या कुंपणावरून अरुंद रस्त्याच्या पलीकडं गेल्या आणि गुलाबरावांच्या वाळत घातलेल्या नव्या धोतराची चाळणी झाली.

गुलाबराव ते धोतर हातात धरून रस्त्यावर उभे राहिले. "बघा! ह्याच्यातून आता पीठ चाळायचं का?"

"चाळा की," आतून आवाज आला. "एक वस्तू दोन कामाला आली. सुधारणाच झाली."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. म्हणजे एकमेकांशी बंद. एकमेकांबद्दल ते माझ्याशी पहिल्यापेक्षा जास्त बोलू लागले. मी मध्ये बसून दोन्हीकडचा कचरा गोळा करत होतो, घंटागाडीसारखा.

उद्घाटनाला सगळ्या गल्लीला आमंत्रण होतं. वांग्याचं भरीत. पाटीभर वांगी तेल लावून तयार. शेषराव इस्त्रीच्या सदऱ्यात. गुलाबरावांना बोलावलं नव्हतं, म्हणून ते स्वतःच्या ओट्यावर खुर्ची टाकून, आमंत्रण असल्यासारखे बसले होते.

शेषरावांनी गॅस सोडला. झाकण बंदच होतं. मग "विलायती पद्धत काय असती," यावर थोडं बोलले. ते बोलत होते तोवर आत गॅस भरत होता. मग झाकण किंचित उचलून काडी लावली.

भप्प असा आवाज झाला. छत्री उडून लिंबाच्या झाडात अडकली. धूर निवळला तेव्हा शेषराव जागच्या जागी उभे होते, हातात काडी तशीच, पण डाव्या बाजूची मिशी आणि दोन्ही भुवया गेलेल्या.

मग समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "वांग्याच्या आदी तर सोताच भाजून निघालाव की!"

सगळी गल्ली हसली. मीही हसलो. जळालेल्या माणसाला बघून माणसं इतकी मोकळी हसतात, हे मला तेव्हाच कळलं. एकट्या कमलवैनी, गुलाबरावांच्या पत्नी, कोरफडीचं पान घेऊन रस्ता ओलांडून आल्या. नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "तोंड मिटा की जरा!" आणि शेषरावांच्या गालाला गर लावला. मग शेषरावांनी खरंच वांगी भाजली, उरलेल्या अर्ध्या मिशीनिशी. भरीत चांगलं झालं होतं. पण खायला थांबलेली माणसं मोजकीच.

नंतर ते महिनाभर बाहेर दिसले नाहीत. शेगडी अंगणात ताडपत्रीखाली. मी समजलो, हौस फिटली.

दिवाळीनंतर एका सकाळी कमलवैनी गेल्या. आजारी नव्हत्या. पूजेची फुलं तोडताना अंगणातच बसल्या आणि कलंडल्या. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

दुपारपासून झरीहून जीपा आल्या, ट्रॅक्टर आला. पुण्याहून मुलं निघाली, पण पोचायला रात्र होणार होती. अंगण, ओटा, रस्ता माणसांनी भरला. दिवस कलताना सगळे स्मशानातून परतले. मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी करायचं असतं. आमच्या घरी पिठल्याचं पातेलं चढलं होतं. पण एवढ्या माणसांच्या भाकरी? बायका एकमेकींकडं बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, खानावळीतून पोळ्या मागवू.

तेवढ्यात रस्त्यावर खडखड आवाज आला.

शेषराव शेगडी ढकलत आणत होते. तीन चाकं तीन दिशांना जात होती. त्यांनी ती आमच्या गेटपाशी आणली, खाली विटा लावल्या, सिलिंडर जोडला. झाकण आधी उघडलं, मग काडी लावली. माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, ज्वारीचं पीठ घरोघरचं गोळा करा. अन् एक परात द्या."

"थापणार कोण?" ती म्हणाली.

शेषरावांनी बाह्या दुमडल्या, पाण्याचा हात घेऊन पीठ मळलं आणि थापायला बसले. आम्ही बघत राहिलो. हाताखाली गोल फिरत भाकरी अशी मोठी होत होती की जणू आयुष्यभर हेच केलंय. लोखंडी पत्र्यावर एका वेळी तीन. वरून पाणी फिरवलं, उलटली, मग शेजारच्या जाळीवर सरकवली. टम्म फुगली.

"काका, हे कधी शिकलात?" बायकोनं विचारलं.

"सिंधू गेल्यावर." त्यांनी मान वर केली नाही. "पोरगी म्हणायली डबा लावा. डब्यातली भाकर गार असती."

पुढं ते बोलले नाहीत. मशीनबद्दल नाही, कंपनीच्या अकलेबद्दल नाही. बायका पीठ मळून देत होत्या, ते थापत होते, भाजत होते. अंधार पडेपर्यंत. घामानं सदरा पाठीला चिकटला. मी म्हणालो, जरा उठा, मी बघतो. त्यांनी झाकणावरच्या लाल अक्षरांकडं बोट केलं. तेवढंच.

अंगणात पंगत बसली. पाहुणे जेवले. गुलाबराव ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. समोर ताट तसंच. भाऊ म्हणाला, भाचा म्हणाला, दोन घास खा. ते बघतही नव्हते.

शेषरावांनी गॅस बंद केला, हात धुतले आणि रस्ता ओलांडून ओट्यावर चढले. धोतराच्या भानगडीनंतर पहिल्यांदाच. शेजारी बसले. ताटातली भाकरी अर्धी मोडली.

"अर्धीच खा."

"उतरंना, शेषराव," गुलाबराव म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"उतरत न्हाईच. मी बी पाण्यासंगं ढकलली व्हती. कुनी बसलं न्हाई जवळ, म्हून भिंतीकडं बघून खाल्ली." उरलेला अर्धा तुकडा त्यांनी स्वतः उचलला. "तुमी माज्याकडं बघा. मी बी सकाळपासून उपाशीच हाय."

दोघांनी एका ताटात खाल्लं. अर्धी अर्धी.

दिवस झाले, पाहुणे पांगले, मुलं पुण्याला परत गेली. वडिलांना बरोबर नेण्याची भाषा झाली होती, पण गुलाबराव गेले नाहीत. आता रोज दिवेलागणीला शेषरावांच्या अंगणात शेगडी पेटते. गुलाबराव उलट्या बादलीवर बसलेले असतात, मांडीवर ताट.

परवा मी तिथून चाललो होतो. गुलाबरावांनी घास तोडला, चावला आणि मान हलवली.

"जाड झाली हो आज. कमल अशी करत नव्हती."

मला वाटलं, झालं. आता कंपनी, अक्कल, विलायती पद्धत, सगळं ऐकावं लागणार. शेषरावांनी ती भाकरी उचलून उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी बघितली.

"व्हय, जाडच झालीय," म्हणाले, आणि पुढचा गोळा लहान घेतला.