'वं' दिसला की काप

स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण पडलं आणि गिरक्या घेत कितीतरी वेळ वाजत राहिलं. कॉम्प्युटरजवळच्या सतरंजीवर झोपलेली सिंधूची लेक चिमी कुशीवर वळली, पण उठली नाही. सिंधूने श्वास सोडला.

"ही उठायच्या आत सगळ्या कथा सुट्या करून देते," ती भैय्याजींना म्हणाली. "चुटकीसरशी!"

भैय्याजींनी दिवाळी अंकासाठी नागपुरात रामदासपेठेतल्या घरी बैठकीतच कॉम्प्युटर मांडला होता. साऱ्या वऱ्हाडी कथा त्यांनी स्वतः टाईप केल्या, पण एकाच लांबलचक फाइलीत. संध्याकाळी त्या वेगवेगळ्या होऊन सीताबर्डीला छपाईला जायच्या होत्या, म्हणून त्यांनी सिंधूला बोलावलं होतं. हस्तलिखितं लेखकांना कधीच परत गेली होती.

फाइलीत अक्षरांमध्ये जाड-बारीक टाइपाचे छुपे आकडेही होते. 'ओडी' ही आज्ञा दिली की प्रत्येक बाइट आकड्यात दिसे, आणि 'डीडी' हवं तिथून कापून देई. कुठे कापायचं ती खूण सिंधूनेच आधी ठरवून दिली होती: प्रत्येक कथेच्या आरंभी सुटा 'वं'. पुण्याला तिच्या माहेरी असा एकटा 'वं' कुणी ऐकलाच नव्हता, तेव्हा तो कथांत कुठे येणार नाही, असं तिने धरलं. तिने आज्ञांची माळ ओवली. डिस्कवर जागा कमी, म्हणून शेवटी मूळ फाइल पुसायचीही आज्ञा जोडून टाकली.

पडद्यावर फाइलींची नावं सरकू लागली. बर्डीवरच्या गर्दीसारखी सरकतच राहिली.

"भैय्याजी, कथा किती?"

"बारा."

"इथे शेकड्यांनी झाल्यात."

तिने एक फाइल उघडली. आत एवढंच: 'वं भाकर झाली का? इकडे ये'. पुढची: 'वं माय, काहून रडून राहिली'. संपली.

भैय्याजींची आई पंचफुलाबाई दारात आल्या. "काहून वं सिंधू, घाम फुटला तुले?"

सिंधू त्या 'वं'वर अडकली. मग भैय्याजींकडे वळली. "कथांतही 'वं' आहे, हे टाईप करताना बोलला का नाहीत?"

"मले वाटलं, कॉम्प्युटरले समजते, कोणता वं बाईले हाक मारायचा अन् कोणता तुमच्या खुणेचा. मूळ फाइल आहे न?"

"पुसली."

भैय्याजी मटकन बसले ते थेट चिमीच्या बाहुलीवर.

"बारा जणांले काय तोंड दाखवू, ताई? यंदाचा अंक गेला."

सिंधूने फाइलींची यादी पुन्हा वरपासून पाहिली. कापलं होतं, फेकलं काहीच नव्हतं. प्रत्येक 'वं' आपल्या तुकड्याच्या तोंडाशी शाबूत होता, अन् तुकड्यांना ओळीने नंबर होते. 'कॅट' आज्ञेने तिने सगळे एकामागे एक जोडले. फाइल पुन्हा अखंड!

"कथांची नावं जाड टाइपात आहेत ना?"

"सगळी."

मग नवी खूण: 'वं' आणि त्याला चिकटून जाड टाइपाचा आकडा. पुसायची आज्ञा मात्र तिने काढून टाकली. फाइली आल्या बारा.

"बापरे, वाचलो," भैय्याजी म्हणाले आणि बाहुली सरळ करत बसले.

"उठली का वं चिमे?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

सिंधूने लेकीला मांडीवर ओढलं, तिच्या घामेजल्या केसांत तोंड खुपसलं. "झालं गं माझं काम."

चिमी डोळे चोळत म्हणाली, "आई, तू मले 'गं' म्हणते, आजी 'वं' म्हणते. मंग मी पुण्याची का नागपूरची?"

पंचफुलाबाई आणि भैय्याजी दोघंही उत्तरासाठी थांबले. सिंधूने फाइली पुन्हा एकदा मोजायला घेतल्या.