धुऱ्यावरचा डबा

नियमांच्या बाबतीत अख्ख्या यवतमाळात माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो! रस्ता मोकळा असला तरी लाल दिव्याला स्कूटर थांबवणारा मी एकटाच. मागचे लोक हॉर्न वाजवून थकायचे, आणि माझी बायको मंजुषा मागे बसून ओळख पटू नये म्हणून तोंडावर ओढणी घ्यायची.

त्यामुळे कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्याकडे जिओकॅशिंगचं खूळ आलं, तेव्हा मंडळाचा अध्यक्ष मीच होणार हे उघड होतं. खूळ तसं साधं. एकाने एक डबा कुठेतरी लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे आणि बाकीच्यांनी हातात जीपीएसचं यंत्र घेऊन तो शोधायचा. सापडला की आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, एखादी किरकोळ वस्तू घ्यायची, तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तिथेच ठेवून घरी यायचं. तेव्हा फोनमध्ये नकाशे नव्हते. यंत्र वेगळं घ्यावं लागे, आणि झाडी दाट झाली की ते आम्हाला सरळ कुणाच्या तरी विहिरीकडे न्यायचं. पण ते हातात धरून माळावरून चालताना जो रुबाब वाटायचा, तसा पुढे मला कशातच वाटला नाही.

मंडळ म्हणजे आम्ही पाच-सहा जण. रविवारी सकाळी चौकातल्या टपरीवर बसायचो. डबे शोधण्यापेक्षा नियमांवर भांडण्यातच आमचा जास्त वेळ जायचा. पेन विसरल्यामुळे चिठ्ठीवर नाव लिहिता आलं नाही, तर डबा सापडला असं धरायचं की नाही? या एका प्रश्नावरून औषधाचं दुकान चालवणारा अमर आणि कॉलेजात शिकवणारी अनघा यांनी पूर्ण एक उन्हाळा एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. चहा मात्र दोघे एकाच बाकावर बसून प्यायचे. आता ती टपरी नाही, तो बाकही नाही, आणि असली भांडणं करायला कोणाला सवड नाही. फार आठवण येते हो त्या रविवारांची.

चार नियमांवर मात्र आमचं एकमत होतं. डब्यात खाण्याची वस्तू ठेवायची नाही. डबा पुरायचा नाही. जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय ठेवायचा नाही. आणि बाहेरच्या माणसाला काही म्हणजे काही कळू द्यायचं नाही. या शेवटच्या नियमावर अमरचा भारी जीव. कोणी बघत असेल तर बुटाची नाडी बांधा, पक्षी पाहा, पण डब्याकडे पाहू नका, असं तो सगळ्यांना बजावायचा.

तर त्या दिवाळीत मी माझा पहिला डबा लपवला. जागा निवडली बोरी अरबला, माझ्या सासऱ्यांच्या शेतात. सदाशिवराव म्हणजे गावातला वजनदार माणूस. शेत काळंभोर, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुनी बाभूळ, आणि दिवाळीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अशी फुटलेली असायची की बघत राहावं. दुपारचं जेवण झालं, ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून निघालो आणि बाभळीच्या ढोलीत डबा ठेवून आलो. रात्री इंटरनेटवर माहिती भरताना प्रश्न आला, मालकाची परवानगी घेतली आहे का? मी ‘होय’ लिहिलं. आता तुम्हीच सांगा, जावयाने सासऱ्याला असं काही विचारायची पद्धत आहे का आपल्याकडे? जावयाने मागितलं आणि सासरा नाही म्हणाला, असं झालंय कधी? म्हणजे परवानगी होतीच. फक्त सासऱ्यांना ती दिल्याचं माहीत नव्हतं.

डबा लोकांना फार आवडला! नागपूर, अमरावती, वर्धा, कुठून कुठून माणसं आली. इंटरनेटवर कौतुक वाचून मी घरात गुणगुणत फिरायचो. डब्याचं आणि यंत्राचं मात्र नियमानुसार मंजुषालाही कळू दिलं नव्हतं.

तिकडे बोरीला काय चाललं होतं, याची मला कल्पनाच नव्हती. सासऱ्यांच्या शेताला लागून रुखमाबाईंचं शेत. कापूस वेचता वेचता बाईंना दर दोन-चार दिवसांनी कोणीतरी अनोळखी शहरी माणूस दिसायचा. हातात यंत्र, नजर आभाळाकडे. धुऱ्यावर चार पावलं पुढे, दोन मागे. त्या वर्षांत गावाने इतके पाहणी करणारे पाहिले होते की कोण कशासाठी येतो हे लोक चपलांवरून ओळखायचे. पण हे लोक काही लिहून घेत नव्हते, कोणाला काही विचारत नव्हते, आणि बाईंनी हाक मारली की खाली बसून बुटाची नाडी बांधायचे. एक जण तर चपला घालून आला होता, तरी बांधत बसला.

आगीत तेल ओतलं आमच्या अमरने. तो जागा तपासायला गेला आणि रुखमाबाईंनी त्याला गाठलं.

“काय करून राह्यले बाबू इथं?”

“ते सांगता येत नाही, मावशी.”

झालं! संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सदाशिवरावांनी वावर विकलं, मोजणी चालू आहे, आणि घेणारा इतका मोठा आहे की त्याचं नाव घ्यायची सोय नाही. कोणी म्हणालं कारखाना येतो, कोणी म्हणालं विमानतळ. पारावरचे लोक सासऱ्यांना पाहून बोलणं थांबवू लागले. मी वाडवडिलांच्या जमिनीचं ढेकूळही विकणार नाही, असं ते ओरडून सांगायचे. ते जितके ओरडत, तितकी लोकांची खात्री पटत जायची.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण माझी मेहुणी मिताली हिचं लग्न जमत आलं होतं. मुलगा केळापूरचा, अभिषेक नाव, शिक्षक होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, आणि मिताली तेव्हापासून कारण नसताना आरशात बघायची. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात मुलाच्या वडिलांचा, उकंडरावांचा, निरोप आला की घाई नको, जरा थांबू. जमीन चोरून विकणारा माणूस उद्या आणखी काय लपवेल, असं त्यांच्या मनात आलं होतं.

मंजुषाने मला हे सांगितलं तेव्हा ती रडत होती. “कोण मेले यंत्रवाले येऊन राह्यले कोणास ठाऊक,” ती म्हणाली, “मितालीनं दोन दिवस झाले ताटाले हात नाही लावला.” माझ्या हातातला घास हातातच राहिला.

मी मंडळाची तातडीची बैठक बोलावली. सासऱ्यांना खरं सांगून टाकतो, असं म्हणालो. अमर उठून उभा राहिला. सासरा हा बाहेरचा माणूस आहे की नाही, हे आधी ठरवा, असं त्याचं म्हणणं. अनघा म्हणाली की तो जागेचा मालक असल्याने बाहेरचा होत नाही. अमर म्हणाला की मग परवानगी घेतानाच त्याला कळलं असणार. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा अर्धा टाकून बोरीची एसटी पकडली.

पोचलो तर घरी फक्त मिताली होती. तिने सांगितलं, उकंडराव स्वतः शहानिशा करायला आले होते आणि सासरे त्यांना घेऊन शेतावर गेले होते. मी धावत गेलो. बाभळीजवळ दोघे उभे. सासरे जिवाच्या आकांताने सांगत होते की इथं कोणी येत नाही, कसली मोजणी नाही, लोक उगाच उठवून राह्यले. आणि त्याच वेळी धुऱ्यावरून नागपूरची दोन पोरं हातात यंत्र धरून आली, मोठी माणसं पाहून थबकली आणि दोघांनीही एकदम खाली बसून नाड्या बांधायला घेतल्या.

सासऱ्यांचा चेहरा मला बघवेना. एवढा मोठा माणूस, पण क्षणात लहान झाल्यासारखा दिसला. मग मी नियमबियम काही पाहिला नाही. पुढे झालो, ढोलीत हात घातला आणि डबा काढून उकंडरावांच्या समोर उघडला. आत एक भोवरा, एक शिंपला, चावीचा छल्ला, कुणाचं तरी प्लास्टिकचं हत्तीचं पिल्लू आणि नावांची चिठ्ठी. मी सगळं सांगितलं. यंत्र, उपग्रह, नियम, सगळं.

उकंडरावांनी हत्ती उचलून उलटसुलट करून पाहिला.

“म्हणजे इथं काही पुरलेलं नाही?”

“नियमाने पुरता येत नाही.”

“आन् हा डबा सापडला, की मंग काय करता?”

“नाव लिहितो आणि परत ठेवतो.”

“कुठं?”

“इथंच.”

“नागपूरवरून येऊन?”

नागपूरच्या पोरांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकाने हळूच मला विचारलं, “सर, डबा तुम्हीच काढून दाखवला. मग आम्हाला सापडला असं धरायचं का?”

 सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा त्यांनी खरंच वावर विकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. उकंडरावांनी त्यांचा दंड धरून त्यांना पऱ्हाटीच्या ओळीत चार पावलं नेलं. हळू बोलायचा त्यांचा विचार असावा, पण आयुष्य शेतात हाका मारण्यात गेलेलं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“पाटील, वावर इकलं असतं तरी मी समजून घेतलं असतं, दिवसच तसे आहेत. पण हे... मले खरं सांगा, हे पोराबाळात उतरते का?”

सासऱ्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

“आमच्या रक्तात नाही हो. जवाई बाहेरून आणलेला हाये.”

उकंडरावांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला आणि तिथेच, धुऱ्यावर उभ्या उभ्या, साक्षगंधाची तारीख धरली. मिताली केळापूरला सुखाने नांदते आहे. हे लग्न मी जमवलं, असं मी घरात अजूनही म्हणतो. ऐकून मंजुषा ओढणी शोधू लागते.