मैत्रीपुलाचा नारळ

मुलांनो, इतर गोष्टी एका जंगलात मावतात. हिला मात्र दोन लागतात. दोन जंगलं, दोन राज्यं. मधे खोल ओढा आणि त्यावर आडवं पडलेलं उंबराचं जुनं खोड.

अलीकडे सुयाजी नावाचं तरुण साळिंदर राहायचं. पलीकडे भुरी नावाची ससुली. रोज संध्याकाळी सुयाजी खोडावरून तिच्याकडे जायचा. दोघं करवंदं खायची आणि दोन्हीकडच्या थोरामोठ्यांच्या नकला करायची.

हे तरसकाकांनी पाहिलं. काका समाजसेवक. त्यांना हुंदकाच आला.

"दोन देशांत मैत्री, आणि तिच्यासाठी एकही संस्था नाही!"

लगेच 'द्विवन युवा स्नेह प्रतिष्ठान' निघालं. सुयाजी आणि भुरी युवा नेते झाले. त्यांच्या गळ्यात बिल्ले आले. खोडाला फीत बांधली गेली. उद्घाटनापर्यंत कुणी ओलांडायचं नाही, असं ठरलं.

"पण काका, मी रोजच जातो," सुयाजी म्हणाला.

"ते अनधिकृत, बाळा."

"अहो, करवंदं संपतील!" भुरी पलीकडून ओरडली.

"युवा नेत्यांनी करवंदांवर बोलू नये. समन्वयावर बोलावं."

करवंदं खरंच गळून गेली. मग उद्घाटनाचा दिवस उगवला. अलीकडचे पाहुणे गवा, पलीकडचे अस्वल. अस्वलाने भर उन्हात शालही पांघरून घेतली. घोडं अडलं ते नारळावर. पूल एक, नारळ एक.

"फोडायचा मान आमचा," गवा म्हणाला.

"मग आम्ही काय नुसत्या टाळ्या वाजवायला आलोय?" अस्वल गुरगुरलं.

काकांनी तोडगा काढला. नारळ खोडाच्या मधोमध ठेवायचा आणि आळीपाळीने हाणायचा. गव्याने डोकं आपटलं. अस्वलाने पंजा. पुन्हा गव्याने. नारळ ढिम्म.

"थांबा हो, खोड कडकडतंय!" सुयाजी ओरडला.

"युवकांची मनोगतं शेवटी," काका म्हणाले.

खोड मोडलं. दोन्ही पाहुणे धपकन ओढ्यात पडले. नारळ तेवढा शाबूत राहिला आणि तरंगत निघून गेला.

"सुयाजी, आता कसा येशील रे?" भुरी रडायला लागली.

काकांनी माइक हातात घेतला.

"पाहिलंत ना? आपल्या संस्थेची केवढी गरज होती!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन्ही काठांवर.

तात्पर्य : मैत्री आधीच असली, की ती जोडणाऱ्यांची फार पंचाईत होते. म्हणून शहाण्या मुलांनी थोरांची सोय पाहावी, आणि आपली मैत्री वेळीच मोडून ठेवावी.